गुडघा बरा झाला, गोल काही परत येईना

नऊनंबरी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

मी क्लबकडून फुटबॉल खेळतो, स्ट्रायकर, म्हणजे पुढे राहून गोल मारणारा. वय २६. मागच्या सीझनच्या सुरुवातीला डाव्या गुडघ्याचं एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला मुख्य अस्थिबंध, तुटलं. कुणाचा धक्का नाही, टॅकल नाही. लांबून आलेला बॉल छातीवर घेतला, वळायला डावा पाय रोवला आणि आत कट्ट असा आवाज झाला. ज्यांचं तुटलंय त्यांना तो आवाज वेगळा सांगायला नको. मेनिस्कसही (गुडघ्यातली कूर्चेची गादी) थोडा फाटला होता. तीन आठवड्यांनी ऑपरेशन आणि पुढे साडेदहा महिने व्यायाम. एक दिवस बुडवला नाही.

परत खेळायला लागून आता तीन महिने झाले. ११ सामने, त्यातले सात पूर्ण. गोल शून्य. दुखापतीआधीच्या सीझनला २२ सामन्यांत १७ होते.

गुडघा दुखत असता तर मला काही वाटलं नसतं. पण दुखत नाही, सूज नाही, सकाळी आखडत नाही. ट्रेनिंगला शूटिंगच्या सरावात दहातले सात-आठ आत जातात. सामन्यात काय होतं ते गेल्या रविवारचं सांगतो. साठाव्या मिनिटाच्या आसपास आमच्या उजव्या विंगरने (कडेने खेळणाऱ्याने) त्यांचा बॅक मागे टाकला. तो खाली मान घालून क्रॉस (कडेवरून गोलसमोर पास) टाकणार, जमिनीलगत टाकणार, फर्स्ट पोस्टला, म्हणजे त्याच्या जवळच्या खांबाला टाकणार, हे मला त्याच्या आधी कळलं होतं. पूर्वी अशा वेळी मी तिथे पोचलेलो असायचो, कसा ते मलाच कळायचं नाही. परवा मला सगळं दिसत होतं आणि तरी मी अर्धं पाऊल थांबलो. बॉल बुटाच्या टोकापासून वीतभर अंतरावरून निघून गेला. विंगरने दोन्ही हात पसरले, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता परत फिरला. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

सर म्हणतात आत्मविश्वास येईल. घरचे म्हणतात, खेळलास तेवढं पुरे. यातून गेलेल्यांनी आणि यातलं कळणाऱ्यांनी सांगा, नेमकं हरवलंय काय? शूटिंग तर हरवलेलं नाही.

मैदानवेडा

धीर धरा. स्पेनचा स्ट्रायकर फर्नांडो टोरेस आठवा. २०१० मध्ये गुडघ्याची दोन ऑपरेशनं झाली, २०११ च्या जानेवारीत चेल्सीने ५ कोटी पौंड मोजून घेतला आणि पहिल्या गोलला ९०३ मिनिटं लागली. तुमचे अकरा सामने म्हणजे साधारण तेवढेच. जगातल्या पहिल्या पाचांत गणला जाणारा माणूस होता तो.

उजवीकडचा

टोरेसचं उदाहरण धीर द्यायला नको. चेल्सीत तो पुन्हा पूर्वीचा टोरेस कधीच झाला नाही. त्यापेक्षा कोलंबियाचा स्ट्रायकर फाल्काओ घ्या. जानेवारी २०१४ मध्ये फ्रेंच कपच्या सामन्यात मोनॅकोकडून खेळताना डाव्या गुडघ्याचं एसीएल गेलं आणि वर्ल्ड कप हुकला. मग मँचेस्टर युनायटेडला एक सीझन, लीगमध्ये चार गोल. चेल्सीला एक सीझन, एक गोल. सगळ्यांनी संपला म्हणून सोडून दिला होता. २०१६-१७ ला मोनॅकोला परत गेला, कॅप्टन झाला, लीगमध्ये २१ आणि एकूण ३० गोल मारले, लीग जिंकली. दुखापतीपासून तो सीझन संपेपर्यंत तीन वर्षांहून जास्त काळ गेला. तुम्हाला परत येऊन तीन महिने झालेत.

जुना_स्टॉपर

मी बारा वर्षं स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, खेळलो, म्हणून समोरच्या बाजूने सांगतो. वयाने मोठा आहे, अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

मोठ्या दुखापतीतून परत आलेला स्ट्रायकर आम्हाला पहिल्या दहा मिनिटांत कळतो. कुणी सांगायला लागत नाही. पहिली खूण म्हणजे तो बॉलकडे येतो, बॉलच्या पुढे जात नाही. गोलकडे पाठ करून पायात पास मागतो, एका टचने परत देतो, पुन्हा मागतो. बघणाऱ्याला वाटतं वा, किती मेहनत करतोय. आम्हाला माहीत असतं की हा आज माझ्या पाठीमागे पळणार नाही. मग मी दोन पावलं पुढे सरकतो, आमची अख्खी लाईन पुढे सरकते आणि त्याच्या टीमला खेळायला जागाच उरत नाही.

दुसरी खूण पावलात असते. धडक होणार असं दिसलं की त्याचं पाऊल आखूड पडतं. टकटक अशी दोन छोटी पावलं टाकतो. चांगला स्ट्रायकर धडकेच्या आधी लांब पाऊल टाकतो, कारण आधी पोचला की धडक त्याच्या सोयीने होते. आखूड पावलं टाकणाऱ्यावर मी आधी पोचतो.

तू लिहिलेलं अर्धं पाऊल ते हेच. फर्स्ट पोस्टला जायचं म्हणजे स्टॉपर आणि खांब यांच्या मधल्या फटीत अंग घालायचं. तिथे लागतंच, गोल झाला तरी लागतं. सेकंड पोस्टला, लांबच्या खांबाला, कुणी हात लावत नाही. तू हल्ली सेकंड पोस्टला जास्त जातोस का, ते आठवून बघ.

आणखी एक विचारतो, याचं खरं उत्तर दे. परत आल्यापासून ट्रेनिंगला तुझ्यावर किती जणांनी पूर्ण जोर लावून टॅकल टाकलाय?

नऊनंबरी

दादा, तुमचा प्रतिसाद वाचून दहा मिनिटं तसाच बसून होतो.

सेकंड पोस्टचं खरं आहे. मी स्वतःला सांगत होतो की मागे जागा मिळते म्हणून जातोय.

आणि टॅकल? एकानेही नाही. मला आजवर हे लक्षातच आलं नव्हतं. आमचा स्टॉपर माझा लहानपणापासूनचा मित्र आहे, पडलो तेव्हा स्ट्रेचर धरायला तोच होता. ट्रेनिंगला मी बॉल घेऊन त्याच्यावर गेलो की तो पाय मागे घेतो. बाकीचेही तसंच करतात. प्रेमापोटी करतात. म्हणजे तीन महिने मला खरा धक्का फक्त रविवारी लागतोय, तोही अनोळखी माणसाकडून.

आकडेमोड

वरचं वाचतोय, फार उपयोगाची चर्चा चाललीय. मला वेगळी माहिती हवी आहे. या ११ सामन्यांत गोलवर शॉट किती मारले आणि कुठून? १७ गोलच्या सीझनला किती होते? सामन्यांचे व्हिडिओ असतील तर मोजा. अंदाजाने सांगू नका, आपल्याला आठवतं ते बहुतेक वेळा चुकीचं असतं.

फिजिओ_ताई

मी फिजिओथेरपिस्ट आहे, खेळाडूंबरोबरच काम करते. धाग्यावरून कुणाचा गुडघा तपासता येत नाही, त्यामुळे हे तुमच्या फिजिओबरोबर बसून पडताळून घ्या. पण सगळं 'आत्मविश्वास' या एका शब्दात गुंडाळलं जातं त्याचा मला मनापासून त्रास होतो, म्हणून सविस्तर लिहिते.

एसीएल म्हणजे दोन हाडं बांधून ठेवणारी नुसती दोरी नव्हे. तिच्यात मज्जातंतूंची टोकं असतात. गुडघा कुठल्या कोनात आहे, किती वेगाने फिरतोय, याची खबर ती सतत मेंदूला देत असतात. ऑपरेशनमध्ये तिच्या जागी तुमचाच एखादा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) बसवतात, मांडीच्या मागचा किंवा वाटीखालचा. तो ताण पेलतो, पण खबर देण्याचं काम पहिल्यासारखं होत नाही. मग मेंदू ही उणीव डोळ्यांनी भरून काढायला लागतो. एसीएल झालेल्या लोकांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये हे दिसलेलं आहे: साधा गुडघा हलवतानासुद्धा बघण्याशी संबंधित भाग जास्त काम करतो.

आता हे स्ट्रायकरला लावून बघा. तुमचा धंदाच डोळ्यांवर चालतो. गोली कुठे आहे, स्टॉपरचा खांदा कुठल्या बाजूला झुकलाय, क्रॉस कुठून येतोय, हे सगळं डोळ्यांनी टिपायचं असतं. तेच डोळे आता पाय कुठे पडतोय याच्या राखणीलाही बसलेत. दोन कामं एका वेळी करताना मध्ये जो क्षण जातो तो तुमचं अर्धं पाऊल असू शकतो. शूटिंगच्या सरावात हे कळणार नाही, कारण तिथे दुसरं बघायचंच काही नसतं. बॉल ठेवलेला, गोल समोर, अंगावर कुणी नाही.

दुसरी गोष्ट ताकदीची. खेळायची परवानगी देताना दोन्ही पायांची तुलना करतात आणि ९० टक्क्यांच्या वर आलं की पास. त्यात दोन फसव्या जागा आहेत. एक म्हणजे चांगला पायसुद्धा या दहा महिन्यांत कमजोर झालेला असतो, त्यामुळे कमजोर पायाशी तुलना करून ९० टक्के मिळतात. दुसरी म्हणजे एका पायावर पुढे लांब उडी. त्यात अंतर दोन्हीकडे सारखं भरतं, पण ऑपरेशनच्या बाजूला गुडघ्याचं काम नितंब आणि घोटा मिळून उरकून टाकतात. शरीर फार हुशारीने गुडघा वाचवतं. एका पायावर सरळ वर उडी मारायला लावली की ही चोरी बरीचशी पकडली जाते.

तुमच्या टेस्ट कुठल्या झाल्या? मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद मशीनवर मोजली होती का? आणि थांबण्याचा सराव किती केला? पळण्याचा सगळेच करतात. एसीएल बहुतेक वेळा वेग कमी करताना किंवा वळताना जातं, आणि फर्स्ट पोस्टला पोचून बॉलला पाय लावायचा म्हणजे पूर्ण वेगात येऊन एका पायावर ब्रेक मारायचा.

गोलपोस्ट

ताई, नवव्या महिन्याआधी खेळू नये म्हणतात ते कशामुळे?

फिजिओ_ताई

नव्याने बसवलेला टेंडन शरीर आतून हळूहळू बदलत असतं. सुरुवातीचे काही महिने तो उलट अधिक नाजूक होतो. रुग्णाला त्या वेळी बरं वाटत असतं, तिथेच घोळ होतो. २०१६ च्या एका अभ्यासात असं दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, तितका दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीचा धोका जवळपास निम्म्याने उतरला. धागाकर्त्यांनी साडेदहा महिने दिले, फार योग्य केलं.

आणि धागाकर्त्यांना एक आकडा देते, नाउमेद होऊ नका. २०१४ मध्ये साडेसात हजार रुग्णांवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. एसीएल ऑपरेशननंतर ८१ टक्के लोक कुठला ना कुठला खेळ खेळायला परतले, ६५ टक्के पूर्वीच्या पातळीवर आणि ५५ टक्के स्पर्धेच्या पातळीवर. म्हणजे तुम्ही आज जिथे उभे आहात तिथवर जवळपास निम्मे लोक पोचतच नाहीत.

नऊनंबरी

आकडेमोड, दोन रात्री बसून मोजलं. १७ गोलच्या सीझनला ८० शॉट. या ११ सामन्यांत १४. त्यातले नऊ बॉक्सच्या (गोलसमोरच्या आखलेल्या चौकोनाच्या) बाहेरून.

ताई, मशीनवर मोजलं नव्हतं. लांब उडी आणि पळणं एवढंच झालं होतं. थांबण्याचा सराव जवळजवळ नाही. माझ्या आधीच्या फिजिओला दोष देत नाही, त्यांनी मला चालायला शिकवलं. पण हे कुणी सांगितलं नाही हेही खरं.

आकडेमोड

मग ऐका, तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर या दोन ओळींत आहे.

आधी सामन्याला साधारण साडेतीन शॉट, आता सव्वा. ही पहिली गोष्ट. दुसरी म्हणजे ते कुठून मारले. एक्सजी म्हणजे एखादा शॉट गोल होण्याची शक्यता. त्या हिशोबात पेनल्टीला साधारण ०.७६ ते ०.७९ किंमत धरतात, म्हणजे शंभरात तितक्या आत जातात. सरासरी शॉटची किंमत ०.१ च्या आसपास. बॉक्सच्या बाहेरच्या शॉटला मी इथे ०.०३ धरतो आणि तुमच्या आतल्या पाचांना प्रत्येकी ०.१५ धरतो. नऊ गुणिले ०.०३ आणि पाच गुणिले ०.१५, बेरीज होते १.०२. म्हणजे या ११ सामन्यांत कुठल्याही चांगल्या स्ट्रायकरकडून या शॉटवर एकाच गोलची अपेक्षा होती. आणि शून्य होण्याची शक्यता? ०.९७ चा नववा घात गुणिले ०.८५ चा पाचवा घात, येतात जवळपास ३४ टक्के. तिघांतला एक जण निव्वळ नशिबाने शून्यावर राहिला असता.

म्हणून शूटिंगचा जादा सराव आजपासून बंद करा. तुमचं शूटिंग बिघडल्याचा एकही पुरावा या आकड्यांत नाही. शॉट मिळतो त्या जागी तुम्ही जातच नाही आहात. पुढच्या दोन महिन्यांत गोल मोजूच नका. बॉक्सच्या आत मारलेले शॉट मोजा, आणि शॉट मिळो न मिळो, फर्स्ट पोस्टला किती वेळा धावलात ते मोजा.

मैदानवेडा

हे पटलं. टोरेसचं उदाहरण मागे घेतो.

उजवीकडचा

स्टॉपरदादांनी 'बॉलकडे येतो, पुढे जात नाही' असं लिहिलंय त्यावरून इंग्लंडचा स्ट्रायकर मायकेल ओवेन आठवला. १९९९ च्या एप्रिलमध्ये एकोणिसाव्या वर्षी हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) फाटली, २००६ च्या वर्ल्ड कपला स्वीडनविरुद्ध पहिल्याच मिनिटाला गुडघा गेला. निवृत्तीनंतर त्याने टीव्हीवर उघडपणे सांगितलं की शेवटची सहा-सात वर्षं त्याला मोकळ्या जागेत धावत सुटायची धास्ती वाटायची, म्हणून तो मागे येऊन पायात बॉल मागायला लागला. ज्याची ओळखच बचावाच्या मागे पळणं ही होती, तो माणूस हे सांगतोय. ऐकताना फार वाईट वाटलं होतं.

तिसरा_हाफ

सगळे आशेचं बोलताय म्हणून दुसरी बाजू मांडतो. सगळे परत येत नाहीत. नेदरलँड्सचा स्ट्रायकर व्हॅन बास्टन, त्याचा घोटा गेला आणि १९९३ च्या चॅम्पियन्स लीग फायनलनंतर, २८ व्या वर्षी, तो एकही सामना खेळू शकला नाही. ब्राझीलचा रोनाल्डो घ्या. नोव्हेंबर १९९९ मध्ये उजव्या गुडघ्याचा टेंडन गेला. एप्रिल २००० मध्ये लाझिओविरुद्ध कप फायनलला उतरला आणि जेमतेम सात मिनिटांत तोच टेंडन पूर्ण तुटला, कुणी हात लावला नसताना. २००२ च्या वर्ल्ड कपला आठ गोल, फायनलला दोन, हे सगळे सांगतात. पण १९९६-९७ ला बार्सिलोनाकडून अर्ध्या मैदानातून चार-पाच जणांना मागे टाकत पळणारा रोनाल्डो पुन्हा दिसला नाही. नंतरचा रोनाल्डो बॉक्सजवळचा होता. माझं म्हणणं, धागाकर्त्याने जुना खेळ परत आणायचा हट्ट धरू नये. मागे येऊन खेळता येत असेल तर दहा नंबरवर, म्हणजे स्ट्रायकरच्या मागे, खेळावं.

जुना_स्टॉपर

तिसरा_हाफ, मुद्दा रास्त आहे पण निष्कर्षाशी असहमत. रोनाल्डोने लांब पळणं कमी केलं, बॉक्समध्ये घुसणं सोडलं नाही. रिअल माद्रिदला २००३-०४ मध्ये लीगमध्ये २४ गोल, त्या वर्षीचे सगळ्यात जास्त. त्याने नको तिथली दौड वाचवून ती हवी तिथे वापरली. हा पोरगा उलटं करतोय. मधल्या मैदानात धावधाव धावतो आणि जिथे पाच यार्ड निकराने जायचं तिथे थांबतो. दहा नंबरवर टाकलास तर त्याच्या भीतीला राहायला घर मिळेल. आधी त्याला फर्स्ट पोस्टला जाऊ दे. तिथे जाऊनही जमलं नाही तर बघू.

बारा_नंबर

मुलींच्या बाजूने लिहिते, कारण एसीएल आमच्यात मुलग्यांपेक्षा कितीतरी जास्त तुटतं आणि चर्चेत नावं मात्र पुरुषांचीच येतात. नॉर्वेची स्ट्रायकर आडा हेगरबर्ग, महिलांचा पहिला बॅलन डी'ऑर (वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार) तिचा, २०१८ चा. जानेवारी २०२० मध्ये एसीएल गेलं, त्यातून सावरताना नडगीच्या हाडाला चीर गेली. परतली ऑक्टोबर २०२१ मध्ये. वीस-एकवीस महिने. मे २०२२ च्या चॅम्पियन्स लीग फायनलला बार्सिलोनाविरुद्ध तिने हेडरने गोल केला.

माझा स्वतःचा उजवा गुडघा चार वर्षांपूर्वी गेला. मीही फॉरवर्ड. मला तुमच्यासारखंच व्हायचं, फक्त माझी भीती ऑपरेशनच्या गुडघ्याची नव्हती, दुसऱ्या गुडघ्याची होती. त्याला काही झालं तर पुन्हा ते दहा महिने, पुन्हा बाथरूमला जायला आईचा हात धरायचा, हे डोक्यातून जायचं नाही. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. सगळे विचारायचे गुडघा कसा आहे, मी म्हणायचे मस्त. एकदा आमच्या गोलीशी बोलताना बांध फुटला. बोलून भीती गेली वगैरे काही नाही. पण मैदानावर ती लपवायला जी शक्ती जायची ती तरी वाचली. तुम्ही तुमच्या त्या स्टॉपर मित्राशी बोला. पाय मागे घेऊ नकोस असं तुम्हालाच सांगावं लागेल, तो आपणहून नाही करणार.

गोलपोस्ट

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. वाचनखूण साठवली.

नऊनंबरी

तीन आठवड्यांनी लिहितोय.

नवीन फिजिओंकडे मशीनवर मोजलं. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद उजव्याच्या ८४ टक्के. एका पायावर सरळ वर उडी ८१ टक्के. लांब उडी मात्र ९६! ताईंनी लिहिलेलं तंतोतंत निघालं. आठवड्यातून दोनदा वजनाचे व्यायाम पुन्हा सुरू केलेत, आणि ब्रेकचा सराव. पूर्ण वेगात येऊन तीन पावलांत थांबायचं, मग दोनांत, मग एका पायावर. त्यात समोर उभे असलेले सर बोटं दाखवतात आणि किती बोटं ते मी ओरडून सांगायचं, म्हणजे नजर पायाकडे जात नाही. पहिल्या दिवशी मला बोटं दिसलीच नाहीत. मी खाली बघतोय हे मला माहीतच नव्हतं.

मित्राशी बोललो. त्याला म्हटलं, मला लागू दे. तो आधी नाहीच म्हणाला. मग सांगितलं की तू पाय मागे घेतलास की मला वाटतं तुलाही माझा गुडघा तुटेल असंच वाटतंय. त्यावर तो बराच वेळ गप्प होता. पुढच्या ट्रेनिंगला क्रॉसच्या सरावात त्याने खांद्याने असा काही रेटला की मी सरळ जाळीत. गवतावर पडल्या पडल्या पहिला हात गुडघ्याला गेला. काही झालं नव्हतं. उठून त्याच्याकडे बघितलं तर त्याचा चेहरा पांढराफटक. दोघेही हसलो आणि परत रांगेत गेलो. त्या दिवशी असं अकरा वेळा केलं.

या तीन आठवड्यांत तीन सामने. गोल नाही. बॉक्समधले शॉट पाच. फर्स्ट पोस्टला सात वेळा धावलो, त्यात दोनदा थांबलो.

आकडेमोड

अकरा सामन्यांत आतले पाच, आता तीन सामन्यांत पाच. मला बाकी काही बघायचं नाही.

जुना_स्टॉपर

दोनदा थांबलास ते कुणासमोर? एकाच स्टॉपरसमोर का?

नऊनंबरी

हो दादा. एकाच सामन्यात, एकाच माणसासमोर. सुरुवातीलाच त्याने मला कोपर मारलं होतं.

जुना_स्टॉपर

मग ती गुडघ्याची भीती नव्हे. आम्ही ते कोपर तेवढ्यासाठीच मारतो. धडधाकट स्ट्रायकरसुद्धा त्यानंतर दोनदा थांबतो. हे दोन तुझ्या हिशोबातून वजा कर.

तिसरा_हाफ

मी दहा नंबरचं सुचवलं होतं ते तूर्तास बाजूला ठेवतो. वाचत राहीन.

नऊनंबरी

धागा वर काढतोय. दोन महिने होत आले.

काल गोल झाला. ३४ वं मिनिट. उजवीकडूनच, जमिनीलगत, फर्स्ट पोस्ट. सुंदर वगैरे काही नव्हता, नडगीला लागून गेला. स्टॉपर माझ्या पाठीवर होता आणि गोलीचा हात माझ्या बरगडीत. आम्ही तिघेही गोलच्या आत पडलो. विंगर धावत आला आणि यावेळी भरपूर बोलला, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण मला सांगायचंय ते रात्रीचं. घरी येऊन व्हिडिओ बघितला. क्रॉस निघाला तेव्हा मी स्टॉपरच्या मागे होतो. एक लांब पाऊल, दुसरं लांब पाऊल, मग डावा पाय रोवला, पूर्ण वजन त्याच्यावर, आणि उजव्याने बॉलला लावलं. डावा पाय. तोच कोन, तसाच वळलेला. मी तो रोवला हे मला व्हिडिओ बघेपर्यंत माहीत नव्हतं. मैदानावर मला फक्त गोलीचे हातमोजे दिसत होते, पिवळे.

तेवढाच तुकडा पंधरा-वीस वेळा लावून बघितला. आई मागे उभी होती, तिला काय दाखवतोय ते कळत नव्हतं. तिला म्हटलं, पाय बघ.

बारा_नंबर

रडवलंत.

फिजिओ_ताई

मनापासून अभिनंदन. वर उडीचा आकडा किती झाला?

नऊनंबरी

८१ वरून ८८, ताई. ताकद ९१. पुढची टेस्ट महिन्याने आहे.

फिजिओ_ताई

८८ वर व्यायाम सोडायचे नाहीत. गोल होत असले तरी.

नऊनंबरी

नाही सोडत. उद्या सकाळी सात वाजता जिम आहे.